सेवेचा आनंद कुणी कुणाला सांगावा?

सकाळी फोन हातात घेतला की उगवत्या सूर्याच्या चित्राखाली एक सुविचार हमखास आलेला असतो. दुसऱ्यासाठी जगण्यातच खरा आनंद आहे, निःस्वार्थ सेवा करा म्हणजे सुख आपोआप चालत येईल, अशा अर्थाचा. पूर्वी हेच विचार शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूनं लिहीत असत. आता फळा खिशात आला आहे, एवढाच फरक.

आधीच स्पष्ट करतो, या विचाराशी माझं भांडण नाही. तो खरा आहे. माझं भांडण आहे ते हा विचार कोण कुणाला सांगतो याच्याशी. माझ्या मते हे वाक्य माणसानं फक्त स्वतःला सांगायचं असतं. ज्याचं काम आपण करून घेतो आणि ज्याचे पैसे देणं आपल्या हातात असतं, त्याला हे वाक्य सांगणं म्हणजे शुद्ध लबाडी आहे. शब्द कडक वाटेल, पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

आधी माझंच सांगतो. सेवानिवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर चार-सहा मुलं येऊन बसतात. त्यांना मी मराठी आणि इतिहास शिकवतो. फी घेत नाही. एखादा मुलगा जोडाक्षर न अडखळता वाचायला लागला की दिवसभर बरं वाटतं. हा आनंद खोटा नाही. पण तो कशावर उभा आहे? महिन्याच्या सुरुवातीला बँकेत जमा होणाऱ्या माझ्या पेन्शनवर! औषधांचे पैसे निघतात, दूधवाल्याचं बिल निघतं, म्हणून मला संध्याकाळी दोन तास निष्काम होता येतं. माझ्याच पेशातल्या, १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांना ही जुनी पेन्शन मिळाली नाही. त्यांच्यापैकी कुणाला मी उद्या म्हणालो, "बाबा रे, फुकट शिकव, बघ किती आनंद मिळतो," तर त्यानं माझ्याकडे कसं बघावं?

याबद्दलचं एक संशोधनही मोठं बोलकं आहे. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका प्रयोगात काही लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर असलेलं पाकीट दिलं. काहींना सांगितलं, हे स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्यावर खर्च करा. संध्याकाळी विचारलं तेव्हा दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी निघाले. तेव्हापासून देण्यात आनंद असल्याचं विज्ञानानं सिद्ध झालं म्हणून हा प्रयोग भाषणातून सांगितला जातो. पण वाचकहो, मधली एक पायरी सगळे गाळतात. त्या लोकांच्या हातात आधी पाकीट दिलं होतं! रिकाम्या हाताच्या माणसाला "दे आणि आनंदी हो" असं त्या संशोधकांनी सांगितलेलं नाही. ते आपण सांगतो.

कुणाला सांगतो ते आता बघू.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाड्या आल्या. तिथं काम करणाऱ्या बाईला नाव मिळालं सेविका, तिच्या हाताखालच्या बाईला मदतनीस. त्यांना पगार नाही, मानधन. किती छान शब्द आहे! मानही आणि धनही. प्रत्यक्षात सुरुवातीला ते महिना शंभर-दीडशे रुपये होतं. तिथून सरकत सरकत २०१८ साली केंद्र सरकारनं सेविकेसाठीचा आपला वाटा ३००० वरून ४५०० रुपयांवर नेला. त्यावर राज्य आपली भर घालतं. मुलांचा आहार, वजनं, उंच्या, लसीकरणाची मदत, नोंदवह्या आणि आता मोबाईलवरची माहिती, एवढं सगळं ती बाई बघते. हे काम तासाभराच्या हौसेचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस अंगणवाडीत बसून बघावं. तीन वर्षांची वीस मुलं एका खोलीत सांभाळणं म्हणजे काय, हे मी शाळेत असताना लांबून पाहिलं आहे. लांबूनच माझा जीव दमायचा.

दुसरी आशा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातली ही कार्यकर्ती. साधारण हजार लोकवस्तीला एक. सरकारी कागदात ती स्वयंसेविका आहे. म्हणजे स्वतःच्या इच्छेनं सेवा करणारी, म्हणून पगाराचा प्रश्नच नाही. कामागणिक मोबदला. गरोदर बाईची नोंद, तिला बाळंतपणाला दवाखान्यात नेणं, लसीकरण, क्षयरोग्याला गोळ्या, सतराशे साठ सर्वेक्षणं.

यात नवजात बाळांचं काम मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण त्याचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांतल्या बायकांना शिकवलं की बाळ जन्मल्यावर घरी जाऊन त्याचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, न्यूमोनिया कसा ओळखायचा. अर्भकमृत्यू झपाट्यानं कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते काम छापून आलं आणि जगभर गाजलं. पुढे २०११ साली देशभरात हे काम आशांकडे आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा वेळा जायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की मोबदला २५० रुपये. म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयांच्या आसपास! पुढे केंद्रानं दरमहा काही ठरावीक रक्कम दिली, राज्यानंही भर घातली, हे खरं. पण भेटीला बेचाळीस रुपये हा भाव ज्यांनी ठरवला त्यांच्या मनात काय होतं? एका बाळाच्या जिवाची किंमत त्यांनी एवढी कमी धरली असेल असं मला वाटत नाही. त्यांनी असा हिशेब केला असणार की उरलेली किंमत बाईच्या समाधानातून वळती होईल.

मी लबाडी म्हणतो ती ही. समाधान तिचं, आणि ते वजा होतं आपल्या देण्यातून!

करोनाच्या वेळी तर कमाल झाली. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. मीही गच्चीत उभा होतो. त्यानंतरचे महिनोन्‌महिने या बाया घरोघर फिरल्या, ताप मोजला, लोकांची बोलणी खाल्ली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. आपल्याकडे पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. पण महाराष्ट्रातल्या याच आशांना ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संपावर जावं लागलं. अंगणवाडी सेविका डिसेंबर २०२३ पासून जानेवारीपर्यंत संपावर होत्या. मार्च २०२४ मध्ये राज्यानं आशांच्या मोबदल्यात ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. ही वाढ थाळ्यांनी झाली नाही, गौरवानं झाली नाही, सुविचारांनी तर नाहीच नाही. संपानं झाली.

आणि त्या संपाच्या दिवसांत आमच्या पारावर काय बोलणं चालायचं माहीत आहे? "सेवा करायला आल्या ना? मग आता पैशाला कशाला हपापल्या?" बोलणारे दोघे माझ्यासारखेच पेन्शनर होते. त्यांच्या महागाई भत्त्याचा हप्ता महिनाभर लांबला असता तर पारावर शोकसभा भरली असती.

मागे एका महिलादिनाच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. गावातल्या सेवाव्रती स्त्रियांचा सत्कार होता. प्रमुख पाहुणे सेवेतल्या आनंदावर पाऊण तास बोलले. चांगलं बोलले. सत्कारमूर्तींत एक अंगणवाडी सेविका होती, माझीच जुनी विद्यार्थिनी. कार्यक्रम संपल्यावर चहाला भेटली. म्हटलं, "काय गं, शोभतेस हो शालीत." तर हसून म्हणाली, "सर, ही चौथी शाल. तीन महिन्यांचं मानधन थकलंय. नारळाची चटणी तरी होते, मार्चमध्ये शालीचं काय करू?" मला हसू आलं आणि घशात काहीतरी अडकलंही. ती तक्रार करत नव्हती. कामावर तिचा जीव आहे. अंगणवाडीतल्या एका कुपोषित मुलाचं वजन वाढलं ते सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता. आनंद तिला मिळतच होता, त्यासाठी पाऊण तासाच्या भाषणाची गरज नव्हती. जे मिळत नव्हतं त्याबद्दल मात्र व्यासपीठावर कुणी चकार शब्द काढला नाही.

आमच्या शिक्षणखात्यातही हेच. २००० साली आपल्या राज्यात शिक्षणसेवक योजना आली. शिक्षक म्हणून काम तेच, वर्ग तेच, तपासायच्या वह्या तेवढ्याच, पण पहिली तीन वर्षं तो शिक्षक नाही, सेवक. प्राथमिकला महिना ३००० रुपये मानधन. २०२३ साली ते १६००० झालं, मधे दोन दशकं गेली. शिवाय विनाअनुदानित शाळांमधून अनुदान येईल या आशेवर वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर शिकवणारे शिक्षक वेगळेच. त्यातले काही शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या शेतात कामाला जात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि ५ सप्टेंबरला त्यांनाच गुलाबाचं फूल देऊन सांगतात, शिक्षकी हा पेशा नाही, व्रत आहे!

गंमत बघा. 'भारतीय प्रशासकीय सेवा' याच्याही नावात सेवा आहे. पण तिथं मानधन नाही, चांगलं वेतन आहे, बंगला आहे, गाडी आहे. असावीच, माझी तक्रार नाही. मात्र पगार घेतल्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांचा सेवाभाव आटला असं कुणी म्हणत नाही. पैसा आला की भाव जातो हा सिद्धांत फक्त खालच्या पायरीवरच लागू होतो, आणि त्यातही बायकांना जास्त.

आता जे आक्षेप येणार ते मला ठाऊक आहेत.

पहिला आक्षेप: मग कर्वे, कर्मवीर, गाडगेबाबा यांचं काय? त्यांनी कुठं पगार मागितला?

हा प्रश्न चांगला आहे. महर्षी कर्व्यांनी तर १९०८ साली संस्थाच काढली आणि तिचं नाव ठेवलं निष्काम कर्ममठ. फर्ग्युसनमध्ये शिकवायचं आणि संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचं, हा त्यांचा नेम होता. पण नीट बघा. अण्णांनी निष्कामपणा आधी स्वतःवर लावला, मग तयार होतील त्यांना बोलावलं. कुणाचा पगार कापून त्याला निष्काम म्हटलं नाही. आणि ते स्वतः ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होते, तिथली रीत काय होती? वीस वर्षं सेवा करायची, महिना ७५ रुपये घ्यायचे. बाहेर यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं असतं. त्यांनी कमी घेतलं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. त्यागी माणसालाही दोन वेळा जेवावं लागतं, हे त्या काळच्या त्यागी माणसांना कळत होतं. तेही नियमात लिहून ठेवण्याइतकं.

आणि तरीही किंमत कुणी दिलीच. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांचं 'माझे पुराण' हे आत्मचरित्र जरूर वाचा. महर्षींच्या घरातली तंगी स्वयंपाकघरातून कशी दिसत होती ते त्यात कळतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. हे आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो आणि सांगावंच. पण ते त्यांनी स्वतःहून दिलं म्हणून त्याचं मोल. "द्या, तुम्हाला आनंद होईल" असं म्हणून दुसऱ्या कुणी ते मागितलं असतं तर त्याला आपण काय म्हटलं असतं?

गाडगेबाबांनी खराटा आधी आपल्या हातात घेतला. गावात शिरले की झाडायला लागत, मग लोक लाजून झाडू घेत. खुर्चीत बसून दुसऱ्याला खराट्याचा आनंद सांगणाऱ्यांची परंपरा वेगळी आहे. ती गाडगेबाबांची नव्हे.

दुसरा आक्षेप धार्मिक असतो. गीतेतच फळाची आशा सोडायला सांगितलं आहे ना? सांगितलं आहे. पण ते कर्म करणाऱ्यानं आपल्या मनाशी करायचं आहे. फळं उतरवून घरी नेणाऱ्यानं झाड लावणाऱ्याला ते ऐकवायचं नाही. मजुरी देताना गीता आठवणं आणि स्वतःचं भाडं वसूल करताना ती विसरणं, याला निष्काम कर्म म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: पैसे नाहीत हो, आणायचे कुठून? ठीक आहे. नसतील तर तसं सरळ सांगा. "आम्हाला परवडत नाही म्हणून तुम्हाला कमी देतो, हे तुमचं आमच्याकडे राहिलेलं देणं आहे" असं म्हणा. त्यात निदान खरेपणा आहे, आणि देणं आहे म्हटलं की कधीतरी फेडण्याची लाज तरी राहते. आनंद मिळतो म्हटलं की देणंच संपतं. २०१३ साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेनं अशा योजनांवर राबणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यांना मिळतं त्याला मानधन म्हणा नाहीतर आणखी काही, त्या कायद्यापुरतं ते वेतनच आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. न्यायालयाला जे शब्दामागचं दिसलं ते आपल्याला दिसायला काय हरकत आहे?

हे सगळं सरकारच्याच माथी मारून मोकळं होऊ नका. आपल्या घरातही बघा. सासऱ्यांना पक्षाघात झाला, सून आठ वर्षं करते आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "नशीबवान हो, सेवा घडतेय." तिला कुणी विचारलं का, सेवा घडवायची आहे का म्हणून? आठ वर्षांत चार दिवस माहेरी जाऊन झोपायला मिळालं का म्हणून? मुलगे, जावई, नातू यांच्यापैकी कुणालाच या पुण्याचा वाटा नको असतो. पुण्य इतकं गोड असतं तर घरात त्यासाठी भांडणं लागली असती. आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींना "अगदी घरच्यासारखी करते हो" म्हणणारे किती जण त्यांना आठवड्याची पगारी सुट्टी देतात, तेही एकदा मोजावं.

मग सेवा करूच नये का? असा अर्थ कृपया काढू नका. जरूर करावी. ज्याचं पोट भरलेलं आहे, ज्याच्या हातात वेळ आहे, त्यानं तर करावीच, आणि त्याला आनंद मिळतो याला मी साक्षी आहे. पण एक पथ्य पाळावं. आपण करतो ती सेवा. दुसरा आपल्यासाठी करतो ते काम. सेवेचा हिशेब ठेवायचा नाही, कामाचा ठेवायचा, आणि पहिल्या तारखेला चुकता करायचा. आजकाल नेमकं उलटं चाललं आहे. स्वतः दोन वह्या वाटल्या की फोटो छापून येतो, आणि दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाला शाल-श्रीफळ.

माझं म्हणणं तुम्हाला पटलं असेल तर एक करा. पुढच्या खेपेला तुमच्या गावात, संस्थेत, सोसायटीत अशा कुणाचा सत्कार ठरला की आयोजकांना सभ्यपणे एकच प्रश्न विचारा: "यांचे पैसे किती महिन्यांचे थकलेत?" उत्तर 'काही नाही' असं आलं तर जोरात टाळ्या वाजवा. दुसरं काही आलं तर शालीचे पैसे वाचवा आणि त्या थकलेल्या पैशांसाठी सगळे मिळून एक अर्ज लिहा. अर्ज कसा लिहायचा ते येत नसेल तर माझ्याकडे या. छत्तीस वर्षं मुलांकडून तेच लिहून घेतलं आहे. त्याचे मात्र मी पैसे घेणार नाही. माझी पेन्शन वेळेवर येते.